धारेचा दगड

सांबऱ्याकडून उठलेलं विमान
रताळ्यांच्या वाफ्यांवरून वळतं
तेव्हा हॉटेलातली पोरं मान वर करतात.
टीव्हीतला माणूस त्यांच्या आधीच उभा राहिलेला असतो.
"सुभेदारानु, तुम्हीच सांगा की,
समोरच्यानं हात उचलायच्या आत
आपण हाणला तर काय चुकलं?"
आबा बशीत चहा ओततात.
बशी हलत नाही.
पोरं वाट बघून पुन्हा टीव्हीकडे वळतात.

मला दोन गोष्टी ठाऊक आहेत,
एक त्यांनी सांगितलेली, एक मी पाहिलेली.

सांगितलेली बर्फातली.
समोरच्या कड्यावर तीन रात्री दिवा हलत होता.
आबांनी वर कळवलं.
वरून आलं, थांबा.
थांबले.
चौथ्या पहाटे खानापूरकडचा लान्स नायक रवळू घाडी
दात घासायला बाहेर आला
आणि तोंडातला फेस तोंडातच राहिला.
त्याच्या आईला पत्र आबांनी लिहिलं.
सगळं लिहिलं,
दिवा तेवढा लिहिला नाही.

पाहिलेली बांधावरची.
बसाप्पा मुचंडीचं आणि आमचं
वीतभर मातीवरून वाजलं होतं.
त्याच्या शिव्या कन्नडात, आमच्या मराठीत,
दोन्ही गोठ्यांतल्या म्हशींना दोन्ही कळायच्या.
मग त्याच्या पडवीतून आवाज यायला लागला,
दगडावर कोयता.
खर्र. खर्र.
एक रात्र, दोन, तीन.
आई म्हणाली, झोपा की, ऊस तोडीला आलाय त्यांचा.
आबा म्हणाले,
दिवासुद्धा असाच हलूलालता.

चौथ्या रात्री ते बांध ओलांडून गेले.
मी अकरा वर्षांची. कंदील माझ्याकडे.
लांब धर म्हणाले, मी लांब धरला,
तरी दिसायचं ते दिसलं.
मनगट मोडल्यावर बसाप्पा ओरडला नाही.
"याक री?" म्हणाला.
का हो, एवढंच.
त्या वेळीसुद्धा त्यानं 'री' लावलं होतं.

त्या कोयत्यानं ऊस तुटणार होता
की आमच्यातलं कुणी,
कोण सांगणार आता?
मी पुष्कळदा ती पाचवी रात्र मांडून बघितली आहे,
जी आली असती.
कधी तिच्यात बसाप्पा आमच्या दारात उभा असतो,
कधी उसाच्या मोळ्या बांधत असतो,
आणि दोन्ही वेळा कंदील माझ्याच हातात.

पुढं नऊ वर्षं बेळगावचं कोर्ट.
कन्नडातले कागद आबा
चष्म्याजवळ न्यायचे, लांब धरायचे,
शेवटी शिक्का तेवढा बघायचे.
मुचंडीची पोरं मोठी झाली.
त्यांनी आमची पाइपलाइन फोडली,
एका शिमग्याला गवताची गंजी पेटवली.
आबा ओट्यावरून हात लांब करून म्हणाले,
बघ, मी म्हणूलालतो की नाही!
आई आगीकडे बघत नव्हती.
त्यांच्याकडे बघत होती.

पोरांचा दुसरा चहा आला.
टीव्हीवर नकाशा, नकाशावर लाल बाण,
बाण गावांवरून जातो
आणि गावांची नावं त्याच्याखाली झाकली जातात.
आबा उठले, काठी चाचपली,
हॉटेलवाल्याला म्हणाले, पोरांचेपण माझ्याकडं लाव.
उत्तराऐवजी तेवढंच.

रात्री पलीकडे पुन्हा दगड वाजतो.
नातू असणार,
बसाप्पाची बोटं कधीच नीट मिटली नाहीत.
आबा अंथरुणात उठून बसतात.
मी आधी काठी कुठं आहे ते बघते, मग कडी.
ते खाकरतात,
मुद्दाम, भिंतीपलीकडं जाईल इतक्या मोठ्यानं.
दगड थांबतो.
खूप वेळानं तिकडून
कफानं भरलेला, म्हातारा
एक खोकला येतो.

आबा अजून आडवे झालेले नाहीत.